दोन दिवसांची मुंबई : मंडई, संग्रहालय आणि रंगमंदिर

(तालुका व ग्राम ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

खेड्यातील माणसास "मुंबई पाहिली का?" असे विचारले, तर बहुधा होकारार्थी उत्तर येते. कोणी आजारी नातलगास घेऊन परळच्या रुग्णालयात गेलेला असतो, कोणी कोर्टाच्या तारखेसाठी, कोणी मंत्रालयातील कागदासाठी. गर्दीत उभे राहून, रांगेत बसून, काम झाले किंवा न झाले तरी रात्रीची गाडी पकडून तो परततो. वेळ उरलाच तर गेट वे ऑफ इंडिया आणि चौपाटी. या मुंबईदर्शनास कोणी नावे ठेवू नयेत. गरजेने केलेला प्रवास असाच असतो. परंतु एक गोष्ट त्यातून निसटते. ज्या शहरात तो परक्यासारखा वावरला, त्या शहराच्या घडणीत त्याच्या गावाचा, त्याच्या मातीचा आणि त्याच्या माणसांचा वाटा किती, हे पाहावयाचे राहून जाते.

हा वाटा दोन दिवसांत पाहता येतो, आणि त्यासाठी फार पैसाही लागत नाही. मंडई, संग्रहालय आणि नाट्यगृह ही तीन ठिकाणे नीट पाहिली तरी पुरेसे आहे. कसे, ते सांगण्यासाठी एक कुटुंब कल्पनेत आणू या. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातले एक शिक्षक, त्यांची पत्नी, सहावीतला मुलगा आणि शिक्षकांची आई. घरी थोडी द्राक्षबाग आहे. ती आजीनेच वाढविलेली. आजी पूर्वी आठवडी बाजारात भाजी घेऊन बसत असे. मुंबईला चला म्हटल्यावर तिचे उत्तर ठरलेले होते : "मला त्यातलं काय कळणार? तुम्ही जाऊन या." शिक्षकांनी आग्रह धरला. लालबागच्या चाळीत मुलाचे मामा राहतात. मुक्कामाची सोय तेथे होती. फेब्रुवारीच्या एका शुक्रवारी रात्री हे चौघे सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले.

फुलांपासून फुल्यांपर्यंत

शनिवारी सकाळी गाडी दादरला थांबते. स्थानकाच्या पश्चिमेकडे बाहेर पडताच फुलांचा बाजार लागतो. झेंडू, शेवंती, अॅस्टर, गुलाब यांचे ढीग, त्यांवर शिंपडलेले पाणी, डोक्यावर टोपल्या घेऊन वाट काढणारे हमाल आणि बसल्या जागी हार ओवणाऱ्या स्त्रिया. शहर जागे होण्यापूर्वीच हा बाजार निम्मा आटोपलेला असतो. देवळातील पूजा, लग्नाचा मांडव, सत्काराचा हार आणि अखेरची यात्रा या सर्वांची फुले येथून जातात. ती पिकतात मात्र पुणे, सातारा, नाशिक अशा जिल्ह्यांतील शेतांत किंवा वसईसारख्या शहराजवळच्या वाड्यांत. मुंबईची सकाळ उगवते ती गावाकडच्या मालावर, ही पहिली खूण येथेच पटते.

मामांकडे सामान ठेवून, चहा घेऊन मंडळी लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरली. १८७८ ते १८८८ या काळात बांधलेली ही इमारत २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. तिच्या जागी पूर्वी बोरीबंदर होते. १६ एप्रिल १८५३ रोजी येथूनच ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली. हे साल लक्षात ठेवावे. नाटकाच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे.

टर्मिनसपासून पायी दहा मिनिटांवर महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. जुने लोक तिला अजूनही क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त. विल्यम इमर्सन यांच्या आराखड्यानुसार १८६९ मध्ये ही मंडई बांधून झाली. कावसजी जहांगीर यांनी ती शहरास दिली. १८८२ मध्ये येथे विजेचे दिवे आले, आणि देशात असे दिवे लागलेली ही पहिली इमारत असे सांगितले जाते. मनोऱ्यावरील घड्याळ, उंच छताखालून येणारा मंद प्रकाश, आतील दगडी कारंजे हे सर्व पाहण्यासारखे आहेच. परंतु आत शिरण्यापूर्वी प्रवेशद्वाराच्या वर नजर टाकावी. तेथे दगडात कोरलेले आहेत ते शेतकरी. जॉन लॉकवूड किपलिंग या शिल्पशिक्षकाने ही शिल्पपट्टी आखली. समोरच्या जे. जे. कला विद्यालयात ते शिकवीत असत, आणि पुढे जगप्रसिद्ध झालेला त्यांचा मुलगा रुडयार्ड १८६५ मध्ये त्याच आवारात जन्मला.

लक्षावधी लोक या दारातून आत गेले आणि बाहेर आले. वर पाहणारे थोडे. परक्या राजवटीत, परक्या शैलीत बांधलेल्या या इमारतीच्या कपाळावर राजाराणी नाहीत, शेतात राबणारी माणसे आहेत. बांधणाऱ्यांनाही एवढे कळत होते की बाजार भरतो तो त्यांच्या जोरावर.

स्वातंत्र्यानंतर मंडईस जे नाव मिळाले, त्याचे औचित्य तर याहून मोठे आहे. जोतिरावांचे घराणे पेशव्यांकडे फुले पुरवीत असे आणि त्यावरूनच त्यांस फुले हे आडनाव मिळाले. भाजी-फुलांच्या व्यवहाराशी ज्यांच्या घराचे नाते, त्यांचे नाव मंडईस शोभून दिसते. याच मंडईपासून फार दूर नसलेल्या मांडवी भागातील कोळीवाड्याच्या सभागृहात ११ मे १८८८ रोजी भरलेल्या जाहीर सभेत मुंबईच्या जनतेने त्यांस 'महात्मा' ही पदवी दिली. म्हणजे मंडईच्या पाटीवरील पहिला शब्दही याच परिसरातला, आणि तो सरकारने नव्हे, लोकांनी दिलेला आहे.

आत गेल्यावर मात्र आजी पुढे आणि बाकीचे मागे असा क्रम झाला. फळांच्या गाळ्यावर द्राक्षांच्या पेट्या मांडलेल्या. आजीने एक घड उचलून देठ पाहिला, मणी दाबून पाहिला आणि भाव विचारला. भाव ऐकून ती क्षणभर गप्प झाली. व्यापाऱ्याने विचारले, "कुठल्या तुम्ही?" तिने गाव सांगताच तो म्हणाला, "मग आजी, हा तुमच्याकडचाच माल."

या एका वाक्यात फार मोठा विषय आहे. बागेत मिळणारा दर आणि गाळ्यावरील दर यांच्यामधला फरक आजीस तेथे उभ्या उभ्या कळला. तोडणी, पेटी, वाहतूक, हमाली, अडत, नासाडी, गाळ्याचे भाडे अशा पायऱ्या मध्ये आहेत. त्यांतील किती आवश्यक आणि किती टाळता येण्याजोग्या, हा सहकाराचा आणि पणनाचा प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक बागायतदाराने विचारलाच पाहिजे. फळांचा मोठा घाऊक व्यवहार आता या मंडईत होत नाही. १९९० च्या दशकात तो नवी मुंबईत वाशी येथील बाजार आवारात गेला. तरीही द्राक्षाचा शेवटचा प्रवास पाहावयाचा तर अशा मंडईत यावे. ज्याने पीक काढले त्याने ते विकले जाताना पाहिले, तर दुसऱ्या दिवशी तो निराळे प्रश्न घेऊन घरी जातो.

घुमटाखालचा ठेवा

मंडईहून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेकडे चालत गेल्यास हुतात्मा चौक लागतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी प्राण वेचले त्यांचे हे स्मारक. मशाल धरलेल्या दोन आकृती तेथे उभ्या आहेत : एक शेतकरी, एक कामगार. मुलाने लगेच ओळखले, "आजी, हा पण शेतकरीच!" सकाळी मंडईच्या दारावर पाहिलेला शेतकरी आणि येथील शेतकरी यांच्यामध्ये सुमारे शतकाचे अंतर आहे. तेथे तो राबताना दाखविला आहे, येथे तो मशाल धरून उभा आहे. महाराष्ट्राचा इतिहास समजावून सांगण्यास याहून सोपा धडा कोणता?

तेथून थोड्याच अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याची कोनशिला बसविण्यात आली. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केला. इमारत १९१४ मध्ये तयार झाली; परंतु पहिल्या महायुद्धामुळे तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून करावा लागला. १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय जनतेस खुले झाले. पूर्वी ते प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय या नावाने ओळखले जाई. १९९८ मध्ये आजचे नाव देण्यात आले. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा त्याचा घुमट दुरूनही दिसतो. मधल्या दालनातील लाकडी खांब आणि कमानी पाहून मात्र आपण मुंबईत आहोत की एखाद्या वाड्यात, असा भ्रम होतो. तो अगदीच भ्रम नव्हे. नाशिकच्या एका जुन्या वाड्यातील लाकूडकाम आणून विटेट यांनी येथे बसविले आहे.

संग्रहालय पाहण्याची एक रीत आहे. सर्व दालने एका दमात पालथी घालू नयेत. पाय दुखतात आणि मनात काहीच राहत नाही. प्रत्येकाने दोन-तीन वस्तू निवडाव्या आणि त्यांच्यासमोर निवांत थांबावे. शिक्षकांनी सिंधमधील मीरपूर खास येथील बौद्ध स्तूपाची मातीची शिल्पे निवडली. भाजलेल्या मातीत घडविलेल्या त्या मूर्ती शतकानुशतके टिकून आहेत. त्यांच्या पत्नीने घारापुरीहून आलेल्या ब्रह्मदेवाच्या मूर्तीसमोर बराच वेळ काढला. मुलास हवी होती प्राण्यांची चित्रे. अकबराच्या चित्रशाळेत तयार झालेल्या 'अन्वर-ए-सुहैली' या फारसी ग्रंथाची चित्रे या संग्रहात आहेत. हा ग्रंथ म्हणजे आपल्याच पंचतंत्राचा दूरदेशी हिंडून परत आलेला अवतार. शाळेत ऐकलेल्या सिंहाच्या आणि बैलाच्या गोष्टी अरबी-फारसीतून फिरून बादशहाच्या दरबारात कशा पोचल्या, हे ऐकून मुलगा चकित झाला.

येथे मराठीतून माहिती ऐकविणारे ध्वनियंत्र मिळते. ज्यांना इंग्रजी फलक वाचता येत नाहीत त्यांची त्यामुळे मोठी सोय होते. ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. या संग्रहालयाने २०१५ पासून एक फिरते संग्रहालय सुरू केले आहे. मोठ्या बसमध्ये मांडलेले प्रदर्शन घेऊन ते शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत जाते. ज्यांना मुंबईस येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी पत्रव्यवहार करून पाहण्यास हरकत नाही.

चाळीतली संध्याकाळ

शनिवारी संध्याकाळी मंडळी लालबागला परतली. गिरणगावाचा उल्लेख केल्यावाचून मुंबईच्या रंगभूमीविषयी बोलणे अपुरे ठरेल. मामांचे वडील घाटावरून येऊन गिरणीत लागले होते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या अशा लक्षावधी हातांनी येथील माग चालविले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने अनेक संसारांची घडी विसकटली आणि हळूहळू गिरण्यांचे भोंगे बंद पडले. चिमण्यांच्या जागी आता काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत.

परंतु या वस्तीने केवळ कापड विणले नाही. पाळी संपवून आलेले कामगार रात्री तालमी करीत. परळच्या दामोदर नाट्यगृहात, जे १९२२ पासून या वस्तीचे हक्काचे रंगमंदिर होते, कामगार रंगभूमी बहरली. आणि आजीच्या जिल्ह्याचा येथे संबंध कसा, हे मामांनीच सांगितले. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव यांनी मुंबईत लावणीचा आणि तमाशाचा फड गाजविला. त्याच तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर पायी चालत मुंबईस आले, गिरणीत राबले आणि पुढे लोकनाट्य व पोवाडा यांतून त्यांनी संयुक्त महाराष्ट्राचा आवाज घराघरात नेला. जत्रेतला तमाशा पाहिलेल्या आजीने मान डोलावली. दुसऱ्या दिवशीचे नाटक आपल्याला कळणार नाही, ही तिची समजूत तेथेच अर्धी उतरली.

राणीच्या बागेतील मातीची माणसे

रविवारी सकाळी भायखळा. मुलाचा हट्ट पेंग्विन पाहण्याचा होता. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे जुन्या राणीच्या बागेत, २०१७ पासून पेंग्विन पाहावयास मिळतात. तो हट्ट प्रथम पुरविण्यात आला, आणि ते योग्यच झाले. मुलांच्या सहलीत मुलांचाही वाटा असावा.

त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतील हे सर्वांत जुने संग्रहालय. त्याची कहाणी नीट सांगितली पाहिजे. १८५७ मध्ये कोट भागातील बराकींत त्याचा आरंभ झाला. त्याच वर्षीच्या उठावाच्या धामधुमीत लष्करास जागा हवी झाली आणि गोळा केलेल्या वस्तू बाहेर पडल्या. काम तेथेच संपले असते. परंतु डॉ. जॉर्ज बर्डवूड यांच्या जोडीस नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी हे दोन नागरिक उभे राहिले. लोकवर्गणी जमविण्यात आली. १८६२ मध्ये कोनशिला बसली आणि २ मे १८७२ रोजी आजच्या इमारतीत संग्रहालय खुले झाले. नाना १८६५ मध्येच निवर्तले; आपण लावलेले झाड फळास आलेले त्यांस पाहावयास मिळाले नाही. डॉ. भाऊ दाजी हे मूळचे गोव्याचे, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. ते रोग्यांवर उपचार करीत आणि जुने शिलालेखही वाचीत. १९७५ मध्ये संग्रहालयास त्यांचे नाव देण्यात आले.

पुढे इमारत जुनी झाली, रंग उडाले, छत गळू लागले. महानगरपालिका, वारसा जपणारी संस्था आणि एक धर्मादाय प्रतिष्ठान यांनी २००३ मध्ये करार करून जीर्णोद्धार हाती घेतला. त्या कामास २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. सोनेरी नक्षीचे खांब, हिरवट रंगाच्या भिंती आणि लोखंडी जिना पाहून डोळे निवतात.

बाहेर बागेत एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटास परकीयांनी 'एलिफंटा' म्हटले ते याच्यावरून. १८६४ मध्ये त्यास इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, परंतु उचलताना तो फुटला. तुकडे पुढे सांधून तो येथे उभा करण्यात आला. फुटला म्हणूनच तो आपल्याकडे राहिला!

आजी थांबली ती वरच्या मजल्यावर. तेथे काचेच्या कपाटांत मातीच्या लहान लहान प्रतिकृती आहेत. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या काळात त्या तयार झाल्या. नांगर धरलेला कुणबी, चाकावर बसलेला कुंभार, निरनिराळ्या जातीजमातींचे पोशाख, पागोट्यांचे प्रकार, गावातील उद्योग. आजीने एकेक कपाट पाहिले. नातवास तिने प्रत्येक अवजाराचे नाव सांगितले. ते हातात कसे धरावयाचे, कोणत्या महिन्यात त्याचे काम, ते कोण बनवीत असे, हेही सांगितले. शेजारच्या एका शाळकरी मुलीने आणि तिच्या आईने ते ऐकले आणि त्याही सोबत चालू लागल्या. फलकावर चार शब्द होते. आजीजवळ सबंध आयुष्य होते. जी "मला काय कळणार" म्हणत होती, तिनेच त्या दालनात इतरांस संग्रहालय दाखविले.

मित्रहो, या सगळ्या प्रवासाचे सार येथे आहे. संग्रहालयातील वस्तूवर काळ धूळ चढवितो. ती पुसण्यास जाणकार लागतात, हे खरे. परंतु ज्या हातांनी ते अवजार वापरले, त्या हातांइतका मोठा जाणकार नाही. तो हात अजून आहे, बोलू शकतो. अशी माणसे संग्रहालयात आली नाहीत, तर काचेआडच्या माणसांस ओळखणारे कोणी उरणार नाही.

तिसरी घंटा

दुपारी चारच्या प्रयोगासाठी मंडळी दादरच्या श्री शिवाजी मंदिरात पोचली. शनिवारच्या वृत्तपत्रातील नाटकांच्या जाहिराती पाहून शिक्षकांनी तिकिटे काढून ठेवली होती. १९६५ पासून हे नाट्यगृह मराठी नाटकाचे माहेरघर झाले आहे. दारातील फलक, प्रवेशापूर्वीची कुजबुज, मध्यंतरातील बटाटेवड्याचा वास आणि तिसऱ्या घंटेनंतर होणारा अंधार, हे ज्याने अनुभवले तो पुन्हा येतो.

आता १८५३ या सालाकडे वळू. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगविले. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भाव्यांची मंडळी मुंबईस येऊन ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ करू लागली ती १८५३ मध्ये. ज्या वर्षी मुंबईहून पहिली आगगाडी सुटली, त्याच वर्षी सांगलीचे नाटक मुंबईस आले. ते नाट्यगृह १८४६ मध्ये ज्या जमिनीवर उभे राहिले ती नाना शंकरशेट यांची, आणि रेल्वेच्या उभारणीतही नाना अग्रभागी होते. आगगाडी, नाट्यगृह, संग्रहालय यांमागे तीच दृष्टी दिसते : शहर म्हणजे केवळ व्यापाराची पेठ नव्हे, तेथे लोकांच्या मनासही काही मिळाले पाहिजे.

आणखी एक धागा आहे. ज्यांच्या नावाची मंडई शनिवारी पाहिली, त्या जोतिराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात एक शेतकरी जोडपे आहे. अज्ञानामुळे ते फसविले जाते आणि शेवटी शिक्षणाची वाट धरते. दक्षिणा प्राइझ समितीने ते स्वीकारले नाही. छापून लोकांपुढे येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे एक शेतकरी रंगमंचाच्या दाराशी थांबून होता, असे म्हणावयास हरकत नाही. १९५४ मध्ये सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेने जिल्ह्याजिल्ह्यांतील हौशी मंडळींस रंगमंच मिळवून दिला. ते दार आता बंद होऊ नये, ही जबाबदारी प्रेक्षकांची आहे.

कारण दारे बंद होतात. ग्रँट रोडचे ते नाट्यगृह आज नाही. बालगंधर्वांचे सूर ऐकलेले रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले. ते पुन्हा उघडावयास २०१६ साल लागले. शंभरी पूर्ण केलेले दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. इमारत पुन्हा उभी करता येते, भाऊ दाजी लाड संग्रहालयाने ते सिद्ध केले आहे. तुटलेली सवय उभी करणे कठीण. एक पिढी नाटकास गेली नाही, तर पुढच्या पिढीस तिकीटखिडकी कोठे असते हेही ठाऊक नसते.

आजीने नाटक अखेरपर्यंत पाहिले. दोन ठिकाणी ती मोकळेपणी हसली, एके ठिकाणी पदर डोळ्यांस लावला. पडदा पडल्यावर तिने विचारले, "असली माणसं आपल्या गावात कधी येतील?"

कार्यकर्त्यांनी करावयाचे

या प्रश्नाचे उत्तर येथे जमलेल्यांपैकी अनेकांच्या हाती आहे. अशी सहल आखताना काही व्यावहारिक गोष्टी पाळाव्यात. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि राणीची बाग बुधवारी बंद असतात. रविवारी उपनगरी रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. म्हणून बसचा मार्ग आधी विचारून ठेवावा. वृद्ध सोबत असतील तर जिने आणि चालण्याचे अंतर ध्यानी घ्यावे व दिवसात दोनच ठिकाणे ठेवावी. विद्यार्थ्यांचा गट नेणार असल्यास संग्रहालयास आगाऊ पत्र पाठवावे. तिकिटे काढून ठेवल्यावरच नाटकाचा बेत पक्का समजावा.

याहून महत्त्वाचे काम निघण्यापूर्वीचे आणि परतल्यानंतरचे आहे. निघण्यापूर्वी ग्रंथालयात एक संध्याकाळ वाचनाची करावी : फुले, नाना शंकरशेट, भाऊ दाजी, अण्णा भाऊ यांची चरित्रे काढून ठेवावी. परतल्यावर जे पाहिले ते प्रत्येकाने गावासमोर सांगावे. गावातील जुनी अवजारे, भांडी, बाराबंदी, जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या आज्या यांची नोंद करावी. मुंबईचे संग्रहालय लोकवर्गणीतून उभे राहिले. गावच्या ग्रंथालयातील एक कपाट त्यासाठी मोकळे करणे अशक्य नाही.

रविवारी रात्री दादरहून गाडी सुटली. मुलाने वहीत दोन दिवसांत भेटलेले शेतकरी मोजले : मंडईच्या दारावरचा दगडी, हुतात्मा चौकातला मशालवाला, कपाटातला मातीचा, आणि फुल्यांच्या नाटकातला कागदावरचा. मग त्याने पाचवा आकडा घातला आणि समोर खिडकीशी झोपलेल्या आजीकडे पाहून तिचे नाव लिहिले.